पद्मिनीचे मंद दिवे आणि रिले

मागच्या वेळी बॅटरी आणि डायनॅमोवर बोलणं झालं. आज हेडलाइट.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड शिवापूर मागे पडलं की पुढे वरवे बुद्रुक लागतं. या पट्ट्यात रात्री जुनी गाडी चालवलेल्यांना आम्ही काय म्हणतोय ते लगेच कळेल. समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यांत, आणि आपल्या पद्मिनीचे दिवे कंदिलासारखे पिवळट. पुढे टेललाइट नसलेली ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला जेमतेम जागा उरलेली असते. बहुतेक जण बल्ब बदलतात. पण दोष पुष्कळदा बल्बमध्ये नसतोच.

कुर्ल्यात बनलेली ही गाडी म्हणजे मूळची फियाट ११००. अशा जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट आधी डॅशबोर्डकडे येतो, स्विचमधून फिरतो आणि मग पुढे जातो. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे ९ अँपिअर. बारीक वायर, कार्बन धरलेले कॉन्टॅक्ट, सैल लग, या सगळ्यांचा मिळून ०.२ ओहम रोध झाला तरी पावणेदोन व्होल्ट वाटेतच संपतात, आणि स्विच तापतो तो वेगळाच.

हे मोजून बघा. इंजिन बंद, दिवे चालू. आमच्या गाडीत बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते, बल्बच्या होल्डरवर १०.६. व्होल्टेज १५ टक्के कमी. पण उजेड त्याहून फार झपाट्याने पडतो, जवळजवळ ४० टक्के!

आता शेतातल्या पंपाचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण बोटाने दबतं, आत कॉइल ओढली जाते, आणि मोटरचा जड करंट वेगळ्याच पट्ट्यांतून जातो. रिले म्हणजे तेच, फक्त काडेपेटीपेक्षा लहान. जुन्या स्विचला आता कॉइलपुरता, पाव अँपिअरहूनही कमी करंट सोसायचा असतो.

पायांवर आकडे असतात. ३० ला बॅटरीची वायर, २.५ चौरस मिलिमीटरची, फ्यूजमधून; फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. ८७ वरून बल्ब. बल्बकडे येणारी जुनी वायर ८६ ला, आणि ८५ अर्थला. अप्परला एक रिले, डीपरला दुसरा, दोघांना वेगळा १५ अँपिअरचा फ्यूज. एकच ठेवलात आणि तो रात्री उडाला, तर पुढे मिट्ट काळोख. जुनी वायर कापू नका. जोडणारे प्लग वापरा, म्हणजे गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येते.

पण त्याआधी अर्थ बघा. बोल्टखालचा गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा. कधी कधी निम्मा घोटाळा इथेच सुटतो, आणि मग रिलेला उगाच श्रेय मिळतं.

आमच्या होल्डरवर नंतर १२.१ मिळाले. म्हणून लगेच १०० वॅटचे बल्ब घालायला जाऊ नका. डायनॅमोला ते झेपत नाहीत, समोरचा आंधळा होतो.

रिले इंजिनच्या गरमीपासून लांब लावा, पाय खाली करून. भोर-वेल्ह्याचा पाऊस बॉनेटखालीही शिरतो.