तळघरावरची बाग

जर्मनीच्या आग्नेय भागातील बव्हेरिया राज्यात, विशेषतः म्युनिक या त्याच्या राजधानीत, उन्हाळ्यातील लोकजीवन समजून घ्यावयाचे असेल तर तेथील ‘बिअर-गार्टन’ या संस्थेची ओळख करून घेतली पाहिजे. ‘गार्टन’ म्हणजे बाग. परंतु बागेत मांडलेले मद्यपानगृह एवढेच तिचे वर्णन केले तर ते अपुरे ठरेल. उंच, दाट झाडांची सावली, पायाखाली बारीक खडी, लांबच लांब लाकडी मेजे आणि बाके, ही तिची बाह्य लक्षणे होत. तिचे खरे लक्षण मात्र एका प्रथेत आहे. येथे येणाऱ्याने पेय तेथेच विकत घ्यावे, खाण्याचे पदार्थ मात्र त्याने घरून आणले तरी त्यास कोणी अडवीत नाही. आपल्याच दुकानात गिऱ्हाइकाने घरची शिदोरी सोडून बसावे, हे कोणत्या उपाहारगृहाच्या मालकास रुचेल? तरीही बव्हेरियात ही गोष्ट दोनशे वर्षे चालत आली आहे. तिचे कारण शोधू गेल्यास आपल्याला बागेच्या खाली, जमिनीच्या पोटात जावे लागते.

बिअर ही जवापासून तयार होते. जव भिजवून त्यास मोड आणतात, ते वाळवून भरडतात, गरम पाण्यात त्याचा अर्क काढतात, हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले घालून तो उकळतात आणि मग किण्व मिसळून आंबवितात. बव्हेरियात १५१६ साली चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग या ड्यूक बंधूंनी फर्मान काढून बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांवाचून अन्य काही घालण्यास मनाई केली. त्या फर्मानात किण्वाचा उल्लेख नाही, कारण आंबण्याची क्रिया कोण घडवून आणतो याचे ज्ञान त्या काळी कोणासच नव्हते. पण ही क्रिया थंडीत चांगली होते आणि उन्हाळ्यात बिघडते, हे मात्र अनुभवाने सर्वांना ठाऊक होते.

बव्हेरियात वापरले जाणारे किण्व थंड हवेतच नीट काम करते व शेवटी पिंपाच्या तळाशी बसते. हवा तापली की इतर सूक्ष्म जीव वाढतात आणि पेय आंबट होते. शिवाय उन्हाळ्यात भट्टी पेटविणे म्हणजे लाकडी घरांच्या शहरात आगीला आमंत्रण देणे होते. म्हणून सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास असा नियम झाला की, बिअर २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या दिवसापासून २३ एप्रिलच्या संत जॉर्जच्या दिवसापर्यंतच गाळावी. परिणामी उन्हाळ्यात लागणारी बिअर वसंताच्या आरंभी तयार करून अनेक महिने टिकवावी लागे. ही बिअर थोडी अधिक तीव्र करीत आणि मार्च महिन्यावरून तिला ‘मेर्त्सन’ म्हणत.

साठवण करावयाची म्हणजे थंडावा हवा, आणि थंडाव्यासाठी तळघर हवे. म्युनिकमध्ये भूजलाची पातळी वर असल्याने शहरात खोल खणता येत नसे. तेव्हा मद्यनिर्मात्यांनी इसार नदीच्या काठची चढण पसंत केली आणि तेथे विटांच्या कमानींची विस्तीर्ण तळघरे बांधली. हिवाळ्यात तळ्यांवरचा आणि नदीवरचा बर्फ कापून ते त्यांत भरीत. वरची जमीन उन्हाने तापू नये म्हणून तीवर खडी पसरीत आणि हॉर्स चेस्टनटची झाडे लावीत. या झाडाची निवड विचारपूर्वक केलेली होती. त्याची पाने हाताच्या पंजासारखी पसरट असल्याने छाया दाट पडते, आणि मुळे फार खोल जात नसल्यामुळे खालच्या कमानींना धोका पोहोचत नाही. आज ज्या सावलीत लोक सुखाने बसतात, ती मुळात माणसांसाठी नव्हतीच. ती पिंपांसाठी होती.

पण सावली आणि ताजी बिअर एकाच जागी असल्यावर माणसे तिकडे वळणारच. मद्यनिर्माते तळघराच्या दारातच बिअर विकू लागले. झाडाखाली बाके आली, त्यांबरोबर खाद्यपदार्थही आले आणि शहरातील खानावळवाल्यांचे गिऱ्हाईक उन्हाळाभर तुटू लागले. त्यांनी गाऱ्हाणे मांडले. अखेर ४ जानेवारी १८१२ रोजी बव्हेरियाचा राजा पहिला मॅक्सिमिलियन योझेफ याने तडजोड सुचविणारा हुकूम काढला. म्युनिकच्या मद्यनिर्मात्यांनी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्या तळघरांत बिअर किरकोळीने विकावी, सोबत पाव द्यावा, मात्र अन्य खाद्य किंवा पेय देऊ नये, असा त्याचा आशय होता.

हा हुकूम काढताना खानावळवाल्यांचे रक्षण करावे एवढाच राजाचा हेतू असावा. परंतु लोकांनी त्यातून स्वतःसाठी एक सोय काढली. तेथे खाण्यास मिळत नसेल तर घरून आणू, असे म्हणून कुटुंबेच्या कुटुंबे टोपल्या घेऊन येऊ लागली. खाद्यविक्रीवरची बंदी पुढे सुटली. टोपली मात्र सुटली नाही. व्यापाऱ्यावर घातलेले बंधन अशा रीतीने गिऱ्हाइकाचा हक्क होऊन बसले. बव्हेरियात बिअर ही चैनीची वस्तू नसून पावासारखीच नित्याची गरज मानली जाई, हेही येथे ध्यानात घ्यावे. १८४४ च्या मे महिन्यात तिचा दर वाढला तेव्हा म्युनिकमध्ये दंगली उसळल्या आणि तत्कालीन राजा पहिला लुडविग यास दर उतरवावे लागले.

१८७० नंतरच्या दशकात कार्ल फॉन लिंडे या अभियंत्याने म्युनिकमध्येच शीतयंत्राचे प्रयोग केले आणि त्यास श्पाटन या मद्यनिर्मितिगृहाने साहाय्य दिले. यंत्राने थंडी निर्माण होऊ लागल्यावर ऋतूचे बंधन उरले नाही आणि तळघरांचे कामही संपले. वरची बाग तेवढी राहिली. म्युनिकच्या रेल्वे स्थानकापासून जवळच असलेल्या ‘औगुस्टिनर-केलर’ या प्रसिद्ध बागेच्या नावातील ‘केलर’ शब्दाचा अर्थ तळघर असाच आहे. हिर्शगार्टन या बागेत सुमारे आठ हजार लोक बसू शकतात. ‘इंग्लिश गार्डन’ नावाच्या विशाल उद्यानात १७९० च्या सुमारास उभारलेल्या लाकडी चिनी मनोऱ्याभोवती सुमारे सात हजारांची सोय आहे. हा मनोरा १९४४ मध्ये युद्धात जळाला आणि १९५२ मध्ये पूर्ववत बांधण्यात आला.

आता अशा बागेतील व्यवहार पाहू. ज्या मेजांवर कापड अंथरलेले असते तेथे वाढपी येतो आणि तेथे घरचे खाणे उघडावयाचे नसते. उघड्या लाकडी मेजांवर मात्र ज्याने त्याने आपले पेय खिडकीवरून आणावे व हवे ते खावे. बिअर ज्या मापाने देतात त्यास ‘मास’ म्हणतात. ते माप म्हणजे एक लिटर, आणि पेला जाड काचेचा किंवा चिनी मातीचा, भक्कम कानाचा. ज्यास एवढी बिअर नको असेल तो निम्मी बिअर आणि निम्मे लिंबाचे गोड पेय यांचे ‘राडलर’ घेतो. सफरचंदाचा रस सोड्याबरोबर पिणारे आणि पाण्यावर भागविणारेही त्याच बाकावर बसलेले असतात. मेज कोणा एकाच्या मालकीचे नसते. रिकामी जागा दिसली की ‘येथे कोणी आहे का?’ असे विचारून अनोळखी माणसाशेजारी बसावयाचे, ही तेथील रीत आहे. हातगाडीवाला आणि न्यायाधीश एका बाकावर बसतात, असे म्युनिककर अभिमानाने सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असली तरी बसण्याची व्यवस्था त्या म्हणण्यास पोषक आहे, हे खरे.

टोपलीतून निघणाऱ्या खाण्यास ‘ब्रोटत्साइट’ म्हणतात, म्हणजे ‘पावाची वेळ’. त्यात पहिला मान ‘ब्रेत्सन’चा. कणकेच्या लांब वळीला वेटोळे देऊन, भाजण्यापूर्वी ती सौम्य क्षाराच्या पाण्यात बुडवितात. त्यामुळे तीस तपकिरी चकाकी आणि आगळी चव येते. वरून जाड मीठ भुरभुरलेले असते. दुसरा पदार्थ आपल्या ओळखीचा, पांढरा मुळा. त्यास तेथे ‘राडी’ म्हणतात. सुरीने किंवा चक्रीने तो असा चिरतात की, एकसंध राहूनही नागमोडी उलगडतो. मग मीठ लावून तो थोडा वेळ ठेवतात. पाणी सुटले की त्याचा उग्रपणा कमी होतो. तिसरा पदार्थ ‘ओबात्सडा’. फार पिकलेले कामांबेर चीज वाया जाऊ नये म्हणून ते लोण्यात कुस्करावयाचे आणि त्यात लाल मिरचीची सौम्य पूड, शहाजिरे व कांदा मिसळावयाचा. काटकसरीतून जन्मलेल्या या पदार्थास २०१५ साली युरोपीय संघाने भौगोलिक नामसंरक्षण दिले. याखेरीज काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासा, भाजलेली अर्धी कोंबडी आणि तऱ्हेतऱ्हेचे सॉसेज बागेतच विकत मिळतात. खारट पदार्थांनी तहान वाढते हे विक्रेता जाणतो. भरल्या पोटी मद्य सावकाश चढते हे जाणकार गिऱ्हाइकास ठाऊक असते.

हा हक्क निर्वेध टिकला असे मात्र नाही. म्युनिकच्या दक्षिणेस इसारकाठी असलेल्या एका बागेच्या शेजाऱ्यांनी गोंगाटाबद्दल दाद मागितली आणि न्यायालयाने ती बाग रात्री साडेनऊलाच बंद करण्याचा निर्णय दिला. त्याविरुद्ध १२ मे १९९५ रोजी वीस हजारांहून अधिक नागरिक म्युनिकच्या रस्त्यावर उतरले. राज्य शासनाने तातडीने नियम केले. पण शेजाऱ्यांच्या झोपेचा पुरेसा विचार त्यांत झालेला नाही, असे ठरवून संघराज्याच्या प्रशासकीय न्यायालयाने १९९९ च्या जानेवारीत ते रद्द केले. त्याच वर्षी २० एप्रिलला नवे नियम आले. संगीत दहा वाजता थांबावे, पेय देणे साडेदहाला बंद व्हावे आणि अकराला बाग मिटावी, असा तोडगा त्यांत आहे. दिवसभर राबणाऱ्याची मोकळी संध्याकाळ आणि शेजाऱ्याची शांत रात्र, या दोन्ही न्याय्य गोष्टी होत. त्यांतील एकीसाठी दुसरीचा बळी न देता काढलेली ही तडजोड १८१२ च्या हुकुमाचीच आठवण करून देते.

ही सवलत कोणत्या जागेस मिळावी हे ठरविताना शासनाने दोन लक्षणे मानली. पहिले, जागेचे स्वरूप बागेचे असावे. दुसरे, येणाऱ्यास स्वतःचे खाणे आणून खाता यावे. याचा अर्थ असा की, जो मालक गिऱ्हाइकाची टोपली दारात अडवील, त्यास रात्री अकरापर्यंत बाग उघडी ठेवण्याच्या या सवलतीवर हक्क सांगता येणार नाही.