परमुलखातले वैद्य : डॉ. पॉल ब्रँड

कुष्ठरोग्याच्या हातापायाची बोटे रोगानेच झडतात, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरही मानत. हा समज खोटा ठरवण्याचे मोठे श्रेय डॉ. पॉल ब्रँड या ब्रिटिश मिशनरी शल्यविशारदाकडे जाते. त्यांचा जन्म १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. शिक्षणासाठी नवव्या वर्षी त्यांना इंग्लंडला पाठवले गेले. वडील डोंगरातच राहिले आणि १९२९ साली तापाने तिथेच वारले. शाळा संपल्यावर पॉल यांनी काही वर्षे सुतारकाम आणि गवंडीकाम शिकण्यात घालवली आणि मगच ते वैद्यकाकडे वळले. हत्यारे हाताळण्याची ती सवय पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कामी आली. युद्धकाळात लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यातील जखमींवर उपचार करून १९४६ साली ते वेल्लोरला, आयडा स्कडर यांनी उभारलेल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले.

पुढच्या वर्षी कुष्ठरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चेंगलपट्टूची कुष्ठरोग वसाहत दाखवली. आकसलेल्या बोटांच्या एका रुग्णाला ब्रँड यांनी आपला हात जोराने दाबायला सांगितले. लुळ्या दिसणाऱ्या त्या हाताची पकड इतकी घट्ट होती की ब्रँड कळवळले. म्हणजे काही स्नायू शाबूत होते. पुढे मृत रुग्णांच्या हातापायांची तपासणी करताना उलगडा झाला. कोपर, मनगट, गुडघा, घोटा अशा ठिकाणी, जिथे मज्जातंतू कातडीलगत आणि म्हणून थंड राहतात, तिथेच ते सुजून निकामी होत. त्यामुळे तळहातातले लहान स्नायू जात, पण कोपराखालचे मोठे स्नायू बहुधा वाचत. वाचलेल्या स्नायूचा बंध सोडवायचा, तो चिरून बोटांना जोडायचा आणि मग रुग्णाला त्या स्नायूकडून नवे काम करवून घ्यायला महिनोन्‌महिने शिकवायचे, ही त्यांची पद्धत. अशा शस्त्रक्रिया १९४८ पासून सुरू झाल्या. एरवी इस्पितळे कुष्ठरोग्याला दारातही उभे करत नसत, तो हा काळ.

हात सुधारले, तरी बोटे कमी होतच राहिली. एकदा ब्रँड यांना न उघडणारे गंजके कुलूप एका मुलाने सहज उघडून दिले. जमिनीवर रक्ताचा थेंब दिसला म्हणून त्यांनी त्याचे बोट पाहिले, तर किल्लीने मांस हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला त्याचा पत्ताच नव्हता. काही रुग्णांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर कळले की रुग्ण झोपेत असताना उंदीर ती कुरतडत होते. ब्रँड यांनी रुग्णांना मांजरे पाळायला दिली. बोटे जात ती वेदना होत नसल्यामुळे, आणि म्हणून ती वाचवताही येतात, हा त्यांचा निष्कर्ष. वेदना हे देवाचे दान आहे, असे श्रद्धाळू ब्रँड पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

डॅप्सोन या औषधामुळे कुष्ठरोगाचे जंतू आटोक्यात येऊ लागले होते, पण बरा झालेला माणूस पोट कसे भरणार? हात सरळ झाल्याने भीक मिळत नाही, अशी तक्रार काही रुग्णांनी खरोखर केली. म्हणून ‘नवजीवन’ केंद्र निघाले. तिथे सुतारकाम आणि खेळणी बनवणे शिकवले जाई. जवळच करिगिरीला १९५५ साली संशोधन संस्था उभी राहिली. बधिर तळव्यांसाठी मऊ, सच्छिद्र रबराच्या चपला तयार झाल्या. महाराष्ट्रातही आज कुष्ठरोग्यांना मिळणाऱ्या ‘एमसीआर’ (मायक्रोसेल्युलर रबर) चपला त्याच जातीच्या. पत्नी डॉ. मार्गारेट यांचे काम डोळ्यांवरचे आणि तितकेच मोलाचे. पापणी मिटत नसल्याने डोळे जाणाऱ्या रुग्णांत त्यांनी कानशिलाचा स्नायू पापणीला जोडला, त्यामुळे घास चावताना पापणीही मिटू लागली.

१९६० साली ब्रँड यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९६६ पासून ते अमेरिकेत कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात होते. मधुमेहातही पाय बधिर होतात, म्हणून तिथे बधिर पायांची हीच निगा त्यांनी मधुमेह्यांना लागू केली. २००३ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाचा धडा आपल्यालाही उपयोगी आहे: घरात जुना मधुमेही असेल, तर रोज रात्री त्याचे तळवे उजेडात पाहावेत. दुखत नाही म्हणून जखम नाही, असे धरू नये.