मतदानयंत्रणा चाचणी प्रयोगशाळा

मतदान व मतमोजणी यांसाठी वापरावयाची यंत्रे आणि त्यांतील संगणकीय आज्ञावली ठरीव मानकांना उतरतात की नाही, हे उत्पादकापासून अलिप्त राहून तपासणाऱ्या संस्था. अशा प्रयोगशाळांची पद्धत मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली.

तेथे निवडणुका घेणे हे घटक राज्यांचे काम असून यंत्रे खाजगी कंपन्यांकडून विकत घेतली जातात. संगणकीय मतमोजणीतील उणिवांकडे रॉय सॉल्टमन यांनी राष्ट्रीय मानक कार्यालयाच्या १९७५ मधील अहवालात लक्ष वेधले होते. तथापि पहिली राष्ट्रीय मानके १९९० मध्ये निघाली व तीही ऐच्छिक होती. प्रारंभी प्रयोगशाळांना मान्यता देण्याचे काम राज्य निवडणूक संचालकांची संघटना करी. फ्लॉरिडातील २००० च्या मतमोजणीच्या वादानंतर २००२ मध्ये संमत झालेल्या अधिनियमान्वये निवडणूक साहाय्य आयोग स्थापन झाला. राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्था (पूर्वीचे मानक कार्यालय) प्रयोगशाळेची पात्रता पारखते आणि आयोग तिला मान्यता देतो. प्रयोगशाळा यंत्र प्रमाणित करते, असा समज आढळतो. वस्तुतः ती केवळ अहवाल देते, प्रमाणपत्र आयोगाचे असते.

चाचणीत यंत्रास उष्णता, आर्द्रता, कंपने व विद्युत् पुरवठ्यातील चढउतार सोसावे लागतात. आज्ञावलीचा मूळ मजकूर वाचला जातो. अचूकतेविषयी २००५ च्या मानकांचे उद्दिष्ट मतपत्रिकेवरील १ कोटी मतस्थानांमागे फार तर १ चूक असे होते. प्रत्यक्ष चाचणीत मात्र ५ लाखांमागे १ चूक चालत असे. तपासलेल्या आज्ञावलीची सांकेतिक खूण नोंदवून ठेवतात, त्यामुळे मतदान केंद्रावरील आज्ञावली तीच आहे की नाही, हे पडताळता येते.

या पद्धतीतील खरी अडचण तांत्रिक नाही. चाचणीचे शुल्क उत्पादक भरतो आणि प्रयोगशाळाही बहुधा तोच निवडतो; आरंभीच्या काळात तर अहवालही गुप्त राहत. शिवाय मानकांशी जुळणे आणि हेतुपुरस्सर केलेल्या घातपातापुढे टिकणे या दोन भिन्न गोष्टी होत. कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये विद्यापीठीय तज्ञांकडून फेरतपासणी करविली, तेव्हा आधी मान्यता मिळालेल्या यंत्रणांत सुरक्षेचे गंभीर दोष आढळले व त्यांच्या वापरावर कडक अटी घालाव्या लागल्या. २०२१ च्या मानकांनी म्हणूनच आज्ञावलीतील न आढळलेल्या चुकीने निकालात न ओळखता येणारा बदल होऊ नये, असे तत्त्व स्वीकारले. कागदी मतांची नमुना तपासणी हा त्याचा एक मार्ग होय.

भारतात मतदानयंत्रे भारत इलेक्ट्रॉनिक्स व इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हे सार्वजनिक उद्योग बनवितात. त्यांची तपासणी मानकीकरण, चाचणी व गुणवत्ता प्रमाणन संचालनालय हे केंद्र शासनाचे कार्यालय करते. म्हणजे येथील अलिप्तता उत्पादकापुरती आहे, शासनापासूनची नव्हे.