धानाच्या बांधीतला गोबरगॅस



ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना माहीतच आहे. टाकीत शेण कालवून टाकलं आणि आत हवा जाऊ दिली नाही, की गॅस तयार होतो. त्यातला जळणारा भाग म्हणजे मिथेन. आपल्या धानाच्या बांधीतही हेच घडतं. सतत पाणी साचून राहिलं की मातीला हवा मिळत नाही. जुनी धसकटं, शेणखत पाण्याखाली कुजतं आणि मिथेन तयार होऊन रोपातून वर हवेत जातो. फरक इतकाच, की यावर चहा होत नाही, उलट हवामान तापतं. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

यावर उपाय आहे: पाणी भरा, आटू द्या, पुन्हा भरा.

१. चार इंची प्लास्टिक पाइपचा एक फूट तुकडा घ्या. खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडा.
२. तो भाग बांधीत गाडा आणि पाइपमधली माती काढून टाका. आत जमिनीखालचं पाणी दिसेल.
३. रोवणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरुवात करा. पाइपमधलं पाणी जमिनीच्या अर्धा फूट खाली गेलं की बांधीत दोन इंच पाणी भरा.
४. धान फुलोऱ्यावर येण्याच्या आठवडाभर आधीपासून ते आठवडाभर नंतरपर्यंत पाणी आटू देऊ नका. नाहीतर दाणा पोचट राहतो.

मी हे एका बैठकीत सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, "पाणी आटलं की तण येतं. निंदायला कोण जाणार? आम्हीच ना!" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रश्न खरा आहे. म्हणूनच पहिले दोन आठवडे पाणी ठेवायचं, म्हणजे तण दबतं. तरीही तण जास्त दिसलं तर पाणी आटवणं काही दिवस पुढे ढकला. हवामान वाचवायचा भार तुमच्या कमरेवर पडायला नको.

पावसाळ्यात पाणी आपल्या हातात नसतं. पण भंडारा-गोंदियाकडच्या उन्हाळी धानाला आपण मोटारीने पाणी देतो, तिथे हे जमतं. पाणी अर्ध्या फुटाच्या खाली जाऊ दिलं नाही, तर उत्पादन सहसा घटत नाही. मोटार कमी वेळ चालते आणि विहिरीत पाणी उरतं.

येत्या उन्हाळी हंगामात गटातल्या एकीने एकाच बांधीत करून बघा. शेजारची बांधी नेहमीसारखी ठेवा. पाण्याच्या पाळ्या, निंदणाचे दिवस आणि धानाची पोती, तिन्ही वहीत लिहा. पुढचं आपण बैठकीत वही उघडूनच ठरवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक