भाचीची जेनेटिक्सची वही आणि लग्नाची बोलणी

मध्यंतरी धुळ्याला मावसबहिणीकडे गेले होते. जाताना जळगावची केळी नेली. दुसऱ्या दिवशी टोपलीवर चिलटं जमली म्हणून मी फडकं घेऊन उठले, तर भाची ओरडली, "मावशी, मारू नकोस गं! त्यांच्यावर आमचे मार्क आहेत!"

ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय जेनेटिक्स, म्हणजे आनुवंशशास्त्र. ही चिलटं कुस्करलेल्या केळ्यावर बाटलीत वाढवतात. दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते, त्यामुळे आजीचा डोळ्यांचा रंग नातवंडांत कसा उतरला ते पाहता येतं. 1910 साली अमेरिकेत मॉर्गन नावाच्या प्राध्यापकांनी हेच केलं होतं. आपण मात्र आयुष्यभर त्यांना फडक्याने हाकलत आलो!

मग तिची वही चाळली. वंशावळ काढायची त्यांची रीत मला फार आवडली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर पूर्ण काळा, नुसता वाहक असेल तर अर्धा. आपल्या घरच्या वंशावळीत लेकीसुनांची नावंसुद्धा नसतात, इथे प्रत्येकीला तिचा गोल आहे.

एक पान सिकलसेलचं होतं. धुळे, नंदुरबार, जळगावच्या सातपुड्याकडच्या भागात हा आजार बराच आढळतो. तो फक्त आदिवासींनाच होतो असं मात्र समजू नका, इतर समाजांतही तो आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे-हाडं असह्य दुखतात, रक्त कमी होतं. लोहाच्या कमतरतेचा हा आजार नव्हे, त्यामुळे बीट, पालक, गूळ कितीही खाऊ घातलं तरी तो जात नाही. अशा मुलाला भरपूर पाणी द्यावं, थंडीपासून जपावं आणि ताप आला तर घरी काढे करत न बसता डॉक्टरांकडे न्यावं.

आता नीट वाचा हं. हा दोष एकाच पालकाकडून आला, तर मूल वाहक होतं. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. पण आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली" असा हिशेब चालत नाही, दर खेपेला फासा नव्याने पडतो. आणि असं मूल झालं की "सुनेच्या माहेरचं आलं" म्हणणाऱ्यांना वहीतला तो चार घरांचा तक्ता दाखवावा. निम्मं तिचं, निम्मं त्याचं.

हे सारं वाचत असतानाच बहिणीने भाचीच्या स्थळाचा विषय काढला. मुलगा चांगला, नोकरीवाला, पत्रिकाही जुळलेली. भाची शांतपणे म्हणाली, "आई, त्यांचा रक्ताचा रिपोर्टही मागव. माझा मी केलाय, मी वाहक आहे."

बहीण मटकन खालीच बसली. "मुलीकडच्यांनी असं मागायचं? आणि तुझं कळलं तर?"

तिची भीती मला कळते. पण छत्तीस गुण विचारायला आपल्याला संकोच वाटत नाही, मग इथेच का? वाहक म्हणजे रोगी नव्हे. दोघांतला एक पूर्ण निर्दोष असला, तर मुलांना हा आजार होत नाही. मात्र तपासणी पूर्ण हवी. बोट टोचून केलेली झटपट चाचणी लग्नासाठी पुरत नाही. हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. करून घ्यावी, कारण त्यात थॅलेसेमियाचा वाहकही सहसा कळतो. सिंधी, पंजाबी, लोहाणा घरांत तो जास्त आढळतो. एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, तरीही मूल आजारी होऊ शकतं. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारने सिकलसेलची मोहीमच घेतली आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यात जरूर चौकशी करा. लग्न आधीच झालं असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगा.

बहिणीने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी मुलाच्या आईला फोन लावला आणि आधी आपल्याच मुलीचा रिपोर्ट सांगितला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या बाईंनी विचारलं, "तपासणी उपाशीपोटी करायची असते का हो?"