साठ किल्ल्यांचा जुडगा

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय एकाच दिवशी आचके देऊ लागले. या कंपन्यांचे सर्व्हर ठणठणीत होते. कोलमडली होती ती ‘डाइन’, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी कंपनी. तिच्यावर मागण्यांचा भडिमार करत होते दुकानांतले सीसीटीव्ही कॅमेरे, चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि घरोघरचे राउटर. मालकांना पत्ताच नव्हता.

या यंत्रांना जुंपणाऱ्या प्रोग्रामचं नाव ‘मिराई’. त्यात फार अक्कल लढवलेली नाही. इंटरनेटवर वाटेल तो पत्ता निवडायचा, टेलनेटचं, म्हणजे दुरून यंत्रात शिरून त्याला हुकूम देण्याच्या जुन्या सोयीचं, दार उघडं आहे का पाहायचं आणि जवळच्या जुडग्यातल्या किल्ल्या लावून बघायच्या. जुडग्यात नाव-पासवर्डाच्या साठेक जोड्या होत्या: ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’, ‘रूट-१२३४५६’, ‘सपोर्ट-सपोर्ट’. सगळे कारखान्यातून आलेले पासवर्ड. एवढ्या भांडवलावर ऐन भरात सुमारे सहा लाख यंत्रं ताब्यात आली.

अशा वेळी तज्ज्ञ ग्राहकाला दटावतात: पासवर्ड का नाही बदललात? बदलावा, यात वाद नाही. पण जुडग्यातली ‘रूट-एक्ससी३५११’ ही जोडी बघा. ती शिओंगमाई या चिनी कंपनीच्या सुट्या भागांतली. ते भाग कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या डीव्हीआरमध्ये बसवलेले. ग्राहक ब्राउझरमधून सेटिंग उघडून पासवर्ड बदलायचा तो वेगळाच. टेलनेटचा पासवर्ड आत पक्का कोरलेला, तो बदलायची सोयच तिथे नव्हती. मग दोष कुणाचा? माझ्या मते तरी ग्राहकाचा नाही.

मिराई फक्त यंत्राच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं की गायब! मात्र पासवर्ड तोच असला तर काही मिनिटांत पुन्हा हजर.

कारखान्यातला सरसकट एकच पासवर्ड कॅलिफोर्नियाने २०२० पासून आणि ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने बंद केला. पण हे कायदे नव्या मालासाठी. भिंतीवर ठोकलेला जुना कॅमेरा चित्र दाखवतोय तोवर कोण काढतो? आणि मिराईचा सोर्स कोड तर डाइनवरच्या हल्ल्याआधीच, सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस, त्याच्या कर्त्यांनी जगजाहीर केला होता. त्यावर बेतलेल्या आवृत्त्या त्यानंतर वर्षानुवर्षं निघत राहिल्या.