थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश

बारावी सायन्सला गुण कमी पडले किंवा सीईटीत नंबर लागला नाही, की घरात सुतक पडल्यासारखे होते. 'दोन वर्षे वाया गेली' म्हणून मुलगा मिळेल त्या कामाला लागतो आणि मुलीसाठी स्थळे पाहू लागतात. पण ती दोन वर्षे सगळीच वाया गेलेली नसतात.

अमेरिकेत शाळेतच कॉलेजच्या तोडीचा विषय घेऊन 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' ही परीक्षा देता येते. तिथे १ ते ५ अशी श्रेणी असते. चांगली श्रेणी मिळाली तर पुष्कळ कॉलेजे त्या विषयाचे श्रेयांक देतात व तो पुन्हा शिकावा लागत नाही. आपल्याकडे बारावीला गणितात शंभर पडले तरी पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित काही चुकत नाही. तंत्रशिक्षणात मात्र मागच्या परीक्षेचे मोल मिळते, आणि तेही पूर्ण एका वर्षाचे.

दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा असतो. परंतु ठरलेले विषय घेऊन बारावी सायन्स झालेल्यांना, तसेच दहावीनंतर योग्य ट्रेडचा दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यांना डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा ४५ टक्क्यांनी (मागासवर्गीयांना ४०) उत्तीर्ण झाल्यावर इंजिनिअरिंग पदवीचेही पहिले वर्ष टळते. त्यासाठी सीईटी लागत नाही. डिप्लोम्याच्या गुणांवरच यादी लागते.

आता बोटांवर हिशेब करू. दहावीनंतर डिप्लोमा तीन व पदवी तीन, एकूण सहा वर्षे. अकरावी-बारावी दोन व पदवी चार, तीही सहाच. बारावी, मग डिप्लोमा दोन, मग पदवी तीन, अशी सात. म्हणजे सीईटी हुकलेला विद्यार्थी एकच वर्ष मागे राहतो. आय.टी.आय.वाल्याचीही सातच होतात, आणि त्याला मधल्या काळात हाताला काम मिळू शकते. ऊसतोडीच्या किंवा मजुरीच्या पैशावर चालणाऱ्या घरात एका वर्षाची फी, बसभाडे आणि बुडालेली मजुरी किती होते, हे वेगळे सांगायला नको.

पण एक गोष्ट लपवून चालणार नाही. वर्ष वाचते, अभ्यास वाचत नाही. बारावीच्या मुलाने इंजिनिअरिंग ड्रॉइंग कधी हाती घेतलेले नसते. आय.टी.आय.चा मुलगा वर्कशॉपमध्ये तरबेज, पण गणितात अडतो. डिप्लोमावाला पदवीला गेला की पहिल्या वर्षाचे गणित न शिकता पुढचे गणित समोर येते, आणि तिथेच विषय राहतात. म्हणून निकाल लागल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत पहिल्या वर्षाची गणिताची पुस्तके कोणाकडून तरी मागून आणावीत. आपल्या भागात पुढे गेलेली मुले-मुली आता आहेत. विचारायला संकोच करू नये.

पालकांनी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र प्रवेशाच्या आधीच काढून ठेवावे. यादीत नाव लागल्यावर धावाधाव सुरू केली, तर राखीव जागा हातची जाऊ शकते.